पॅनिक अटॅक आल्यानंतर काय करावे: नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

पॅनिक अटॅक, म्हणजे धडधड, घाम, धाप यांसह अचानक उसळणारी तीव्र भीती, काही मिनिटांत ओसरतो. पुढचा अटॅक कधी येईल ही धास्ती मात्र महिनोन्‌महिने मुक्काम ठोकते आणि माणसाचे येणेजाणे, झोप, काम, नाती यांना हळूहळू आवळत नेते. मी स्वतः या त्रासातून गेलो आहे. सुरुवातीच्या दिवसांत जी माहिती मला तुकड्यातुकड्यांनी आणि उलटसुलट क्रमाने मिळाली, ती इथे योग्य क्रमाने मांडत आहे. हा लेख डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. तपासणीला कधी जावे, जाताना सोबत काय न्यावे आणि त्यानंतर रोजच्या आयुष्यात स्वतः काय करावे, एवढ्यापुरताच तो आहे.

१. आधी शारीरिक कारण नाही ना, याची खात्री करून घ्या

पहिल्यांदाच असा त्रास झाला असेल तर तो पॅनिक अटॅकच होता, असे स्वतःच्या मनाने ठरवून टाकू नका. छातीत दुखणे, धाप लागणे, दरदरून घाम फुटणे ही लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यातही असतात आणि नुसते वरवर पाहून दोहोंतला फरक ओळखणे डॉक्टरांनाही नेहमी शक्य होत नाही. छातीवर दडपण येऊन ते जबडा, मान, पाठ किंवा हातापर्यंत पसरत असेल, वेदना काही मिनिटांत न ओसरता वाढत चालली असेल, शुद्ध हरपत असेल, जीभ अडखळत असेल किंवा शरीराची एक बाजू लुळी पडत असेल, तर पुढचे काहीही न वाचता तत्काळ आपत्कालीन वैद्यकीय मदत घ्या. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा त्रास झालेल्यांनी, तसेच मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा कुटुंबात हृदयविकार असणाऱ्यांनी याबाबतीत अधिकच सावध राहावे.

पॅनिक अटॅकसारखीच लक्षणे निर्माण करणारी आणखीही कारणे असतात. थायरॉईड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करत असेल तर छातीत धडधड, थरथर आणि अस्वस्थता होते. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडणे, रक्तक्षय, रक्तातील साखर अचानक खाली येणे, दमा, आतील कानाचे विकार यांतूनही तसाच अनुभव येऊ शकतो. काही औषधेही कारणीभूत ठरतात: सर्दीच्या गोळ्यांमधील स्यूडोएफेड्रिन, दम्याच्या पंपातील साल्ब्युटामोल किंवा गरजेपेक्षा जास्त मात्रेत घेतली जाणारी थायरॉईडची गोळी. नियमित मद्यपान करणाऱ्याने ते एकदम थांबवले तरी थरथर, घाम आणि भीती उसळून येते, आणि हा प्रकार जिवावर बेतू शकत असल्याने तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हाताळावा. म्हणून डॉक्टर साधारणपणे ईसीजी, हिमोग्लोबिन, रक्तातील साखर आणि थायरॉईडची टीएसएच ही तपासणी सुचवतात; तुमच्या लक्षणांनुसार यात भर पडू शकते.

डॉक्टरांकडे जाताना पुढील गोष्टी सोबत असू द्या:

- झालेल्या प्रत्येक अटॅकची थोडक्यात नोंद: दिवस, वेळ, त्या वेळी काय करत होतात, कोणती लक्षणे आली, किती वेळ टिकली.
- सध्या घेत असलेल्या सर्व औषधांची यादी. काढे, चूर्णे, व्यायामशाळेतील पूरके आणि स्वतःहून घेतलेल्या सर्दी-खोकल्याच्या गोळ्यांसह.
- चहा, कॉफी, तंबाखू, मद्य आणि अन्य कोणत्याही नशेचे खरे प्रमाण. इथे संकोचाने आकडा कमी सांगितला तर निदानच चुकू शकते.
- जुने तपासणी अहवाल आणि कुटुंबातील हृदयविकार, थायरॉईड व मानसिक आजारांची माहिती.

या टप्प्यावर एक सापळा असतो. अहवाल निर्दोष आल्यावर दोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा शंका येते आणि माणूस दुसऱ्या डॉक्टरांकडे तीच तपासणी करायला जातो. तपासणी एकदा नीट करून घ्यावी, ‘यापुढे कोणते लक्षण दिसले तर मी परत यावे?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, उत्तर लिहून घ्यावे आणि तिथे थांबावे. दर आठवड्याला काढलेला ईसीजी हृदयाबद्दल नवीन काही सांगत नाही. भीतीला मात्र तो नियमित खुराक पुरवतो.

२. शरीरात नेमके काय घडते ते समजून घ्या

ही पायरी ओलांडून थेट उपायांकडे जाण्याचा मोह होईल, परंतु माझ्या मते सर्वांत जास्त फायदा इथेच आहे, कारण अटॅकच्या वेळी छळणारा प्रश्न ‘हे मला काय होते आहे?’ हाच असतो.

संकट समोर आल्यावर प्राण्याचे शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी क्षणार्धात सज्ज होते, ही गोष्ट अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये मांडली. मेंदूतील अमिग्डाला नावाचा भाग धोक्याची सूचना देतो, अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात मिसळते, हृदय वेगाने धडधडू लागते, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात आणि पचनाचे काम मंदावते. पॅनिक अटॅकमध्ये हीच सगळी यंत्रणा समोर कोणतेही संकट नसताना पूर्ण ताकदीने सुरू होते. यंत्रणा निरोगी असते, सुरू होण्याची वेळ तेवढी चुकलेली असते.

आता एकेक लक्षण पाहू. धडधड होते ती स्नायूंना जास्त रक्त पुरवण्यासाठी. घाम येतो तो शरीर थंड ठेवण्यासाठी. मळमळते आणि पोटात कालवते, कारण रक्त पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळते. हात-पाय गार पडतात, कारण त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. छातीत दुखते किंवा आवळल्यासारखे वाटते ते बऱ्याचदा बरगड्यांमधील स्नायू जलद श्वासाने ताणले गेल्यामुळे.

चक्कर, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येणे, डोके हलके होणे आणि भोवतालचे जग खोटे किंवा दूर गेल्यासारखे भासणे या लक्षणांनी माणूस सर्वांत जास्त हादरतो, आणि त्यांचे मूळ मुख्यतः श्वासात असते. आपण गरजेपेक्षा जास्त आणि जलद श्वास घेतो तेव्हा रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो. तो घटला की मेंदूकडील रक्तवाहिन्या काहीशा आकुंचन पावतात आणि गरगरते. रक्ताची आम्लता बदलल्यामुळे त्यातील मुक्त कॅल्शियम कमी होते आणि मुंग्या येतात. गंमत अशी की अशा वेळी ऑक्सिजन पुरेसा असूनही माणसाला हवा कमी पडल्यासारखे वाटते, तो आणखी जोराने श्वास ओढतो आणि लक्षणे वाढवून घेतो.

‘मी आता कोसळणार’ ही भीतीही जवळपास प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात रक्तदाब अचानक खाली आल्यावर शुद्ध हरपते, तर पॅनिक अटॅकमध्ये तो बहुधा वाढलेला असतो. त्यामुळे अटॅकमध्ये बेशुद्ध पडणे विरळा. रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणाऱ्यांचा प्रकार वेगळा आहे, कारण त्यांचा रक्तदाब आधी वाढून मग झपाट्याने उतरतो.

मग शरीर शांत का होत नाही? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये याचे जे स्पष्टीकरण दिले, ते आजही उपचारांचा पाया आहे. छातीत एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. मन त्याचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावते. त्या विचाराने भीती वाढते. भीतीने धडधड वाढते. आणि वाढलेली धडधड हा त्या चुकीच्या अर्थाचा पुरावा ठरतो. हे चक्र काही सेकंदांत शिगेला पोहोचू शकते. जिना चढल्यावर तीच धडधड झाली तर आपण तिच्याकडे लक्षही देत नाही, हे इथे आठवून पाहा.

अमेरिकेतील मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-नियमावलीत पॅनिक अटॅकची १३ लक्षणे दिलेली आहेत. त्यांपैकी ४ किंवा अधिक लक्षणे अचानक उसळून काही मिनिटांत टोकाला पोहोचली तर त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. एखादा अटॅक येणे म्हणजे पॅनिक डिसऑर्डर नव्हे. अटॅक अनपेक्षितपणे आणि वारंवार येत असतील, आणि त्यानंतर किमान १ महिना पुढच्या अटॅकची सतत चिंता राहिली असेल किंवा त्या भीतीपोटी वागणे बदलले असेल, तेव्हा हे निदान होते. काहींना अटॅक झोपेतून दचकवून उठवतो. तो दुःस्वप्नामुळे येतो असा समज असतो, पण असे अटॅक बहुतेक वेळा स्वप्नांच्या टप्प्याबाहेरील झोपेत येतात, आणि ते दिवसाच्या अटॅकपेक्षा अधिक धोकादायक नसतात.

३. अटॅक सुरू असताना काय करावे

पुढील क्रम एका कागदावर लिहून किंवा फोनमध्ये टिपून ठेवा, कारण अटॅकच्या वेळी आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही. शारीरिक कारण नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यानंतरच हा क्रम वापरायचा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे त्याला नावाने ओळखा. ‘हा पॅनिक अटॅक आहे, तो टोकाला जाईल आणि उतरेल’ एवढे एक वाक्य मनात किंवा पुटपुटत म्हणा. ‘मला काहीही झालेले नाही’ असे म्हणू नका; शरीर ते खोटे ठरवत असते आणि मन त्यावर वाद घालत बसते.

दुसरी गोष्ट, आहात तिथेच थांबा. वाहन चालवत असाल तर अर्थातच आधी ते सुरक्षित जागी बाजूला घ्या. एरवी उभे असाल तर उभे राहा, बसला असाल तर बसून राहा. धावत बाहेर पडलात तर अटॅक ओसरेलच, कारण तो एरवीही ओसरणारच होता. पण श्रेय मात्र पळण्याला मिळेल आणि पुढच्या वेळी त्या जागी पाऊल टाकणेही जड जाईल.

तिसरी गोष्ट श्वासाची. ‘दीर्घ श्वास घ्या’ हा सर्वत्र मिळणारा सल्ला अपुरा आहे आणि घाईने पाळला तर त्रास वाढवतो. छाती फुगवून मोठमोठे श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो. त्याऐवजी आधी श्वास सोडा, मग नाकाने नेहमीइतकाच, पोट हलकेच पुढे येईल असा श्वास साधारण ४ आकडे मोजत घ्या आणि ओठांचा चंबू करून ६ आकडे मोजत सोडा. मिनिटाला सुमारे ६ श्वास होतात. मोजण्यानेच घुसमट वाढत असेल तर मोजणे सोडून केवळ श्वास सोडण्याचा वेळ लांबवा. ही रीत अटॅकमध्ये पहिल्यांदा करून जमत नाही, म्हणून रोज शांत असताना पाच-दहा मिनिटे तिचा सराव करावा लागतो. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय मात्र टाळा; त्रास खरोखर हृदयाचा किंवा फुप्फुसांचा असेल तर त्याने ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकतो.

चौथी गोष्ट, लक्ष बाहेर वळवा. दिसणाऱ्या ५ वस्तू, स्पर्शाने जाणवणाऱ्या ४, ऐकू येणारे ३ आवाज, २ वास आणि १ चव, असा क्रम अनेक समुपदेशक शिकवतात. तळपाय जमिनीवर टेकल्याचे जाणवून घेणे एवढेही पुरते. उद्देश भीतीला हुसकावण्याचा नसावा. भीती असताना भोवतालचे जगही आहे, एवढे दिसले की काम झाले.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड: येऊ द्या. धडधड थांबवण्याची धडपड सोडा आणि लक्षणांना त्यांचा वेळ घेऊ द्या. बहुतेक अटॅक १० मिनिटांच्या आसपास टोकाला पोहोचून उतरू लागतात. अ‍ॅड्रिनलिन रक्तात अनंत काळ टिकत नाही, शरीर ते मोडून टाकते. नवा पुरवठा मात्र आपले घाबरलेले विचार करत राहतात.

या काळात नाडी मोजणे, मनगटावरील घड्याळात हृदयाचे ठोके पाहणे आणि इंटरनेटवर लक्षणे शोधणे, ही तिन्ही कामे निक्षून टाळा. ठोके मोजणाऱ्या घड्याळाविषयी माझे मत तर असे आहे, की या आजाराच्या सुरुवातीच्या महिन्यांत ते कपाटात ठेवलेलेच बरे. अर्थात डॉक्टरांनी हृदयाच्या कारणासाठी ते वापरायला सांगितले असेल तर गोष्ट वेगळी.

४. अटॅक ओसरल्यावर

अटॅकनंतर अंग गळून जाते, रडू येते, काही तास थकवा राहतो. हे सगळे स्वाभाविक आहे. जमेल तितक्या लवकर हातातले काम पुढे सुरू करा, मग ते सावकाश का होईना. त्याच दिवशी वहीत चार रकाने भरा: कुठे होतो, पहिली जाणीव कोणती झाली, त्या क्षणी मनाने तिचा काय अर्थ लावला, आणि प्रत्यक्षात काय झाले. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यातील तफावत पानापानावर साठत जाते. ती पुढे समुपदेशकांना उपयोगी पडते आणि त्याआधी तुम्हाला स्वतःला.

५. सुरक्षेसाठी लावून घेतलेल्या सवयी शोधा

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, आणि पॅनिक अटॅकने पोळलेला माणूस तर ताकाच्या भांड्याकडेही फिरकत नाही. आधी ज्या लिफ्टमध्ये अटॅक आला ती टाळली जाते, मग सगळ्या लिफ्ट, मग गर्दी, मग एकट्याने प्रवास. हे वाढत गेले की घराबाहेर पडणेच अशक्य होते. अशा जागांच्या भीतीला अ‍ॅगोराफोबिया म्हणतात. टाळल्याने मिळणारा सुटकेचा निःश्वास तत्काळ असतो आणि त्याची किंमत उशिरा कळते, म्हणून हा फास लक्षात येत नाही.

टाळणे उघड दिसते. त्याहून लबाड असतात त्या लहान सवयी, ज्यांच्या आधाराने माणूस जागी जातो तर खरा, पण भीती जशीच्या तशी ठेवून परत येतो. दाराजवळचीच जागा धरणे, पाण्याची बाटली किंवा गोळी खिशात असल्याशिवाय न निघणे, सतत कोणाला तरी सोबत नेणे, वाटेतील दवाखाने हेरून ठेवणे, फोनवर बोलत राहणे, ‘मला काही होणार नाही ना?’ असे घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारणे, हे त्यातले नेहमीचे प्रकार आहेत. पाणी पिणे वाईट नाही. बाटलीमुळेच आपण वाचलो, हा निष्कर्ष वाईट आहे. वर दिलेला श्वासाचा उपायही ‘हा केला नाही तर मी मरेन’ अशा भावनेने होऊ लागला तर याच यादीत जातो. आठवडाभर स्वतःकडे पाहून टाळलेल्या जागांची एक आणि या सवयींची एक, अशा दोन याद्या प्रामाणिकपणे लिहा. लगेच काही सोडू नका.

६. टाळलेल्या जागांकडे क्रमाने परत जा

आता दोन्ही याद्या एकत्र घेऊन प्रत्येक प्रसंगाला भीतीचे ० ते १०० असे गुण द्या आणि कमी गुणांपासून वर चढत्या क्रमाने लावा. बसप्रवासाची भीती असेल तर यादी साधारण अशी दिसेल:

- थांब्यावर उभे राहून बस जाऊ देणे: २०
- सोबत्याबरोबर एक थांबा जाणे: ३५
- सोबती पुढच्या आसनावर, आपण मागे एकटे: ४५
- एकट्याने एक थांबा, दाराजवळ बसून: ५५
- एकट्याने पाच थांबे, मधल्या आसनावर: ७०
- गर्दीच्या वेळी, पाण्याच्या बाटलीशिवाय, पूर्ण प्रवास: ९०

जाण्यापूर्वी आपले भाकीत लिहा: ‘मी बेशुद्ध पडेन’, ‘मी ओरडू लागेन’. परत आल्यावर ते खरे ठरले का, हे त्याच्यापुढे लिहा. भीती पूर्ण उतरेपर्यंत थांबता आले तर उत्तम, पण तीच कसोटी मानू नका. ज्या अनर्थाची खात्री होती तो घडला नाही, हे शरीराला अनुभवाने कळणे अधिक महत्त्वाचे. एकाच पायरीचा सराव आठवड्यातून अनेकदा करा, कारण पंधरा दिवसांतून एकदा दाखवलेल्या धैर्याचा फारसा ठसा उमटत नाही. पुढे त्याच पायऱ्या वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या जागी करून पाहा.

दोन सापळे सांगून ठेवतो. पहिला, उत्साहाच्या भरात थेट ९० गुणांच्या प्रसंगात उडी घेणे आणि मग महिनाभर घरात बसणे. दुसरा, ‘आज बरे वाटत नाही, बरे वाटेल तेव्हा जाऊ’ असे म्हणणे. बरे वाटण्याची वाट पाहणारा माणूस वाटच पाहत राहतो. ठरलेल्या दिवशी, भीती असतानाच निघायचे असते.

७. शरीरातील जाणिवांशी पुन्हा ओळख करून घ्या

काहींना जागेची भीती नसते, पण धडधडीचीच भीती असते आणि म्हणून ते व्यायाम, जिने, उकाडा हे सारे टाळतात. अशांसाठी उपचारात या जाणिवा मुद्दाम निर्माण केल्या जातात: जागच्या जागी एक मिनिट धावून धडधड आणणे, खुर्चीत गोल फिरून गरगर आणणे, बारीक नळीतून श्वास घेऊन घुसमट आणणे. जाणीव येते, वाढते आणि काहीही न करता जाते, हे वारंवार अनुभवले की तिचा अर्थ बदलू लागतो. हृदयरोग, दमा, अपस्मार किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांच्या संमतीशिवाय हे करू नये, आणि इतरांनीही पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशकासमोरच करून पाहावे.

८. एरवीची चिंता कमी करण्यासाठी

अटॅक हा चिंतेचा एक आविष्कार; दोन अटॅकच्या मधल्या दिवसांतील ताणही हाताळावा लागतो. कॅफिन हा सर्वांत सोपा धागा आहे. ते शरीरातून निम्मे बाहेर पडायला सुमारे ५ तास लागतात, आणि पॅनिक अटॅक येणाऱ्यांना त्याचा त्रास इतरांपेक्षा लवकर होतो. चहा-कॉफी एकदम बंद केली तर डोके दुखते, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करा. निकोटिनही उत्तेजकच आहे, सिगारेट ओढल्यावर क्षणभर शांत वाटत असले तरी. मद्याने त्या रात्री सैल वाटते. दुसऱ्या सकाळी मात्र अस्वस्थता दुप्पट होऊन परतते.

झोपेची आणि उठण्याची वेळ ठरलेली असू द्या. आठवड्यातील बहुतेक दिवस घाम येईल इतका व्यायाम करा. त्याने धडधडीची सवयही होते. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेली स्नायू शिथिल करण्याची रीत आजही शिकवली जाते: पायांपासून चेहऱ्यापर्यंत एकेक स्नायूगट काही सेकंद आवळायचा, मग सैल सोडून फरक जाणवून घ्यायचा.

दिवसभर चिंता पाठ सोडत नसेल तर तिच्यासाठी संध्याकाळची २० मिनिटे राखून ठेवा. दिवसा आलेली चिंता एका ओळीत लिहा आणि त्या वेळेवर ढकला. वेळ आली की यादी घेऊन बसा, ज्यावर काही करता येईल त्याची पुढची कृती ठरवा आणि उरलेल्याला तसेच राहू द्या. बऱ्याच ओळी संध्याकाळपर्यंत शिळ्या झालेल्या असतात.

९. तज्ज्ञांची मदत आणि औषधे

अटॅक वारंवार येत असतील, काम किंवा शिक्षण अडत असेल, जागा टाळणे वाढत असेल किंवा मन सतत उदास राहत असेल, तर स्वतःच्या बळावर लढत बसू नका. जीव नकोसा वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी जवळच्या व्यक्तीला सांगा आणि आपत्कालीन मदत घ्या.

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधे देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक बोलण्याच्या आणि सरावाच्या मार्गाने उपचार करतात. पॅनिक डिसऑर्डरवर सर्वाधिक पुरावा असलेला असा उपचार म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजेच सीबीटी: भीतीचे विचार तपासणे आणि वागणे सरावाने बदलणे. ती बहुधा आठवड्याला एक या हिशेबाने काही महिने चालते. पहिल्या भेटीत थेट विचारा: ‘तुम्ही पॅनिक डिसऑर्डरसाठी सीबीटी करता का? त्यात टाळलेल्या प्रसंगांचा सराव असतो का?’ केवळ धीर देणाऱ्या गप्पा कितीही बऱ्या वाटल्या, तरी या आजारात सरावाशिवाय पुढे सरकता येत नाही.

औषधांत प्रथम सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम यांसारखी एसएसआरआय गटातील (चिंता आणि नैराश्यावर रोज घ्यायची) औषधे दिली जातात. त्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता उलट वाढू शकते. म्हणून मात्रा कमी ठेवून सुरू करतात. हे आधी ठाऊक नसल्याने अनेक जण चौथ्या दिवशी गोळी सोडून देतात. तरुण रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, तसे झाल्यास डॉक्टरांना तत्काळ कळवावे. बरे वाटू लागले तरी ही औषधे एकदम थांबवू नयेत.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही बेन्झोडायझेपीन गटातील औषधे अर्ध्या-एक तासात शांत करतात आणि म्हणूनच ती धोक्याची. नियमित घेतल्यास काही आठवड्यांतच शरीराला त्यांची सवय लागू शकते आणि अचानक सोडल्यास फेफरे येऊ शकते. मद्यासोबत घेतल्यास श्वास मंदावून प्राण जाऊ शकतो. दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीवरील गोळी कधीही घेऊ नका.

१०. घरच्यांसाठी आणि सोबत्यांसाठी

‘घाबरू नकोस’ आणि ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ ही दोन वाक्ये सोडून बाकी बरेच काही चालते. जवळ बसा, हळू आवाजात छोटी वाक्ये बोला, ‘मी इथे आहे, हे उतरेल’ एवढे सांगा, आणि विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नका. भोवती गर्दी करू नका. एरवीच्या दिवसांत मात्र त्या व्यक्तीची सगळी कामे स्वतःवर ओढून घेऊ नका. सहाव्या पायरीतील यादी तिने बनवली असेल तर ती पाहून कोणत्या टप्प्यावर आपण सोबत जायचे आणि कुठे मागे राहायचे, हे दोघांनी आधीच ठरवा.

११. बरे झाल्यावर पुन्हा अटॅक आला तर

तो येण्याची शक्यता असतेच, विशेषतः जागरणे, आजारपण किंवा मोठ्या बदलांच्या काळात. याचा अर्थ सगळे पाण्यात गेले असा होत नाही. त्या आठवड्यात वही पुन्हा उघडा, चार रकाने भरा, कोणती जुनी सवय चोरपावलाने परतली आहे ते तपासा आणि यादीतील दोन पायऱ्या खाली येऊन तिथून सराव सुरू करा. छातीतील दुखणे नेहमीपेक्षा वेगळ्या स्वरूपाचे असेल तर पहिल्या पायरीवर जा आणि डॉक्टरांकडे लिहून घेतलेले ते उत्तर वाचा. औषध चालू असेल तर स्वतःहून मात्रा वाढवू नका, आणि तीन-चार आठवडे सराव करूनही टाळणे वाढतच गेले तर ज्या तज्ज्ञांकडे उपचार घेतले होते त्यांची वेळ घ्या. या वेळी आधीच्या नोंदी हाताशी असल्याने भेटी बहुधा कमी लागतात.